अर्ज करणाऱ्याचा वशिला



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगावी तिच्या वळणाच्या व्याख्यानमाला निघाल्या. अशा व्यासपीठावरून इतिहास, तत्त्वज्ञान, राजकारण यांची चर्चा ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या मानाने नोकरीचा अर्ज आणि त्यासोबत जोडावयाचे परिचयपत्र हा आजचा विषय फारच घरगुती वाटेल. कार्यक्रमपत्रिकेत तो पाहून काहींनी नाकही मुरडले असेल. परंतु ज्या घरात तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन बसलेली आहे आणि टपाल किंवा फोन वाजला की आई स्वयंपाकघरातून बाहेर डोकावते, त्या घरात आज यापेक्षा जिव्हाळ्याचा विषय दुसरा नसतो.

नोकरी वशिल्याने मिळते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मात्र त्याच वाक्यातून निघणारा दुसरा अर्थ आपण सहसा ध्यानात घेत नाही. ज्याच्या मामाचा साहेबाशी घरोबा आहे, त्याचा अर्ज कसाही असला तरी निभावून जाते. ज्याला मामा नाही, त्याच्या वतीने त्या कचेरीत बोलणारे एकच कोणीतरी असते, आणि ते म्हणजे त्याने पाठवलेले दोन कागद. म्हणून अर्ज नीट लिहिणे ही गरज खरी त्यांची आहे, ज्यांच्या घराण्यात आजवर कोणी कचेरीची पायरी चढलेले नाही. आजचे माझे बोलणे प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

प्रथम शब्दांचा थोडा विचार करू. ‘अर्ज’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ पुढे मांडणे, सादर करणे असा आहे. दरबारी रिवाजात त्याला विनवणीचा रंग चढला आणि इंग्रजी अमदानीत ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ हे शेपूट त्याला कायमचे चिकटले. आजही कित्येक अर्जांत ‘घरची परिस्थिती हलाखीची असल्याने कृपावंत होऊन नोकरी द्यावी’ अशी वाक्ये आढळतात. परिस्थिती हलाखीची असते हे खरे, आणि ते सांगण्यात लाजिरवाणे काही नाही. पण अर्ज वाचणाऱ्यापुढे प्रश्न वेगळाच असतो. त्याच्याकडे काही काम अडले आहे आणि ते कोण निभावून नेईल एवढेच त्याला पाहायचे असते. या प्रश्नाचे उत्तर विनवणीत सापडत नाही. तेव्हा अर्जाचा मूळ अर्थच आपण पुन्हा धरावा. आपल्याला काय येते ते पुढे मांडावे.

दुसरा शब्द ‘बायोडेटा’. महाराष्ट्रात या एका शब्दाने दोन संसार चालवले आहेत, एक लग्नाचा आणि दुसरा नोकरीचा, आणि दोहोंची फार सरमिसळ झाली आहे. नोकरीच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या, जन्मवेळ, उंची, वर्ण, क्वचित रास आणि गोत्रसुद्धा लिहिलेले असते! खाजगी नोकरीसाठी यांतले काहीही लागत नाही. नाव, गाव, फोन, ईमेल एवढे पुरे. धर्म, जात, विवाहित की अविवाहित, हे मागितल्यावाचून सांगण्याचे कारण नाही. सरकारी भरतीची गोष्ट निराळी. तेथे नमुना ठरलेला असतो आणि आरक्षणासाठी जातीचा दाखलाही लागतो; तेथे जे मागितले असेल ते, मागितले त्याच क्रमाने, तंतोतंत भरावे.

पाश्चात्त्यांकडे याच कागदाला दोन नावे आहेत. ‘करिक्युलम व्हिटे’ हे लॅटिन, म्हणजे आयुष्याची वाटचाल. यालाच आपण सीव्ही म्हणतो. ‘रेझ्युमे’ हे फ्रेंच, म्हणजे सारांश. मला दुसरे नाव अधिक उपयोगी वाटते. वाटचाल सगळीच सांगावीशी वाटते; सारांश करायचा म्हटला की काय गाळायचे याचा विचार करावाच लागतो.

तो विचार करणे भाग आहे, कारण वाचणाऱ्याजवळ वेळ नसतो. २०१२ साली ‘लॅडर्स’ या अमेरिकन नोकरीविषयक संस्थेने तीस भरती अधिकाऱ्यांच्या नजरेच्या हालचाली यंत्राने टिपल्या. पहिल्या चाळणीत एका परिचयपत्रावर नजर सरासरी सहा सेकंदच ठरते, असे त्यांना आढळले. तीस माणसे म्हणजे फार नव्हेत, आणि अमेरिकेतला आकडा आपल्या पतसंस्थेला जसाच्या तसा लागू करण्याचेही कारण नाही. तथापि, एका जागेसाठी दोनशे अर्ज ज्याच्या टेबलावर पडतात तो माणूस कसा वाचत असेल, हे समजायला यंत्राचीही गरज नाही. आता तर मोठ्या कंपन्यांत माणसाच्या आधी संगणक अर्ज चाळतो आणि जाहिरातीतले शब्द अर्जात आहेत की नाहीत ते पाहतो. यासाठी जाहिरातीत ‘टॅली’ म्हटले असेल आणि आपल्याला ती येत असेल, तर आपणही ‘टॅली’च लिहावे, ‘संगणकीय लेखांकन’ लिहू नये. चौकटी, रंगीत पट्ट्या, दोन-दोन रकाने यांनी कागद देखणा दिसतो, पण यंत्राचा वाचताना गोंधळ उडू शकतो. साधी मांडणी माणसालाही बरी आणि यंत्रालाही.

येथे एका जुन्या अर्जाची आठवण देतो. साधारण १४८२ साली इटलीतल्या एका तिशीच्या गृहस्थाने मिलानचा सत्ताधीश लुडोव्हिको स्फोर्झा याला पत्र लिहिले. गृहस्थाचे नाव लिओनार्दो दा विंची. ज्याची चित्रे पाहायला आज जग लोटते, त्याने या पत्रात चित्रकलेविषयी काय लिहिले असेल? जवळजवळ काही नाही! क्रमांक घालून त्याने आधी सांगितले, की मला हलके आणि सहज नेता येतील असे पूल बांधता येतात, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढता येते, तोफा करता येतात, झाकलेले रणगाडे करता येतात. दहाव्या कलमात शांततेच्या काळाचा विषय येतो, म्हणजे इमारती आणि पाण्याचे पाट. त्याच्या शेवटी शिल्प आणि चित्र ही कामेही करू शकेन, एवढा उल्लेख. याचे कारण उघड आहे. त्या राज्यकर्त्याला युद्धाची चिंता होती आणि लिओनार्दोने ती ओळखली होती. स्वतःला जे सर्वांत प्रिय ते त्याने आधी लिहिले नाही. वाचणाऱ्याला ज्याची निकड ते आधी लिहिले. शेवटी तो म्हणतो, की यांपैकी काही अशक्य वाटत असेल तर आपल्या बागेत किंवा आपण म्हणाल तेथे करून दाखवायला मी तयार आहे. त्यातली किती यंत्रे त्याने तोवर प्रत्यक्ष घडवली होती, याविषयी शंका घेता येईल, आणि बढाईच्या बाबतीत आपण त्याचा कित्ता गिरवू नये. पण कलमांचा क्रम आणि ‘करून दाखवतो’ ही तयारी, या दोन गोष्टी सव्वापाचशे वर्षांनंतरही उचलण्यासारख्या आहेत.

आता आपल्या मुलांच्या अर्जांकडे वळू. त्यांत विशेषणांचा सुकाळ आणि नामांचा दुष्काळ असतो. ‘मी प्रामाणिक, मेहनती, जिद्दी, आत्मविश्वासू व संघभावनेने काम करणारा आहे.’ हे वाक्य खोटे असेलच असे नाही, परंतु दोनशे अर्जांत ते दोनशे वेळा येते आणि ते पडताळून पाहण्याची सोय नसते. मी अप्रामाणिक आहे असे कोण लिहिणार? याउलट एखादा लिहितो, ‘दोन वर्षे रोज पहाटे पाच ते आठ बाजारात वडिलांच्या गाळ्यावर रोखीचा व उधारीचा हिशेब ठेवला, तो सांभाळून पदवीचे वर्ग केले.’ या वाक्यात मेहनती हा शब्द नाही, प्रामाणिकही नाही. वाचणाऱ्याच्या मनात मात्र दोन्ही शब्द आपोआप उमटतात.

दुःखाची गोष्ट अशी, की नेमके हेच वाक्य मुले लिहीत नाहीत. ‘अनुभव काय?’ म्हणून विचारले तर ‘काही नाही’ म्हणतात. गाळ्यावर बसणे हा त्यांच्या लेखी अनुभव नव्हे, ते घरचे काम. आईच्या बचत गटाची वही लिहिणे हा अनुभव नव्हे. गणेशोत्सव मंडळाची वर्गणी गोळा करून जमाखर्च फलकावर लावणे, दूध संकलन केंद्रावर फॅट मोजून नोंद करणे, शेजारच्या चार पोरांची शिकवणी घेणे, यांतले काहीच त्यांना अर्जात लिहिण्याजोगे वाटत नाही. ज्या कामाला नेमणुकीचे पत्र नाही ते काम नव्हे, अशी समजूत त्यांच्या मनात आपणच रुजवली आहे. हलाखीचे गाऱ्हाणे ते लिहितात आणि त्या हलाखीशी झुंजताना जे शिकले ते गाळतात. अर्ज लिहिणे शिकवायचे म्हणजे पहिल्याने ही समजूत घालवली पाहिजे.

त्यासाठी एक सोपी रीत सांगतो. परिचयपत्र लिहायला बसण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर आजवर केलेली सगळी कामे लिहावीत, पैसे मिळालेली आणि न मिळालेली. प्रत्येकापुढे चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत. काय केले? किती केले, म्हणजे किती माणसे, किती रुपये, किती दिवस? कशाने केले, म्हणजे कोणते यंत्र, कोणती वही, कोणती भाषा? आणि त्यातून काय झाले? मग जाहिरात शेजारी ठेवून, तिच्याशी ज्यांचा संबंध आहे तेवढीच कामे निवडावीत. दुसऱ्या जागेसाठी अर्ज करताना निवड पुन्हा करावी. एकच परिचयपत्र पन्नास ठिकाणी पाठवण्यापेक्षा पाच ठिकाणी पाच निरनिराळी पाठवणे अधिक फलदायी.

मांडणीविषयी थोडक्यात सांगतो. नवशिक्याला एक पान पुरे, अनुभवी माणसाला दोन. अलीकडचे आधी, जुने नंतर. प्रत्येक ठिकाणी महिना आणि वर्ष घालावे. मध्ये एखादे वर्ष रिकामे गेले असेल, आजारपणात, स्पर्धा परीक्षेत किंवा मुलाच्या संगोपनात, तर ते एका ओळीत सरळ लिहावे. लपवलेली फट मोठी दिसते. जाहिरात ज्या भाषेत असेल त्या भाषेत अर्ज करावा. ईमेलचा पत्ता आपल्या नावाचा असावा. महाविद्यालयात गंमत म्हणून घेतलेले टोपणनाव तेथे शोभत नाही. फाइल पीडीएफ करून तिलाही स्वतःचे नाव द्यावे. आणि पाठवण्यापूर्वी सगळे एकदा मोठ्याने वाचावे, मग दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, हा लिहिणाऱ्या सर्वांचाच अनुभव आहे.

परिचयपत्रासोबतच्या पत्राचे काम निराळे आहे. परिचयपत्र काय काय केले ते सांगते. पत्राने सांगायचे, की याच जागेसाठी मीच का. परिचयपत्रातला मजकूर पत्रात पुन्हा उतरवला तर दोन कागद खर्ची पडतात आणि काम एकाचेच होते. एक नमुना कल्पून पाहू. सांगलीच्या बाजूची एक वाणिज्य पदवीधर मुलगी आहे. आई बचत गटात आहे, हिशेब मुलगी लिहिते. एका पतसंस्थेत लेखा सहायकाची जागा निघाली. ती असे लिहील:

‘महोदय, आपल्या संस्थेतील लेखा सहायक या पदाची जाहिरात वाचून हे पत्र लिहीत आहे. आपण टॅलीचे ज्ञान आणि सभासदांशी बोलण्याचा अनुभव या दोन गोष्टी मागितल्या आहेत.

‘गेली तीन वर्षे मी आमच्या गावातील बारा सभासदांच्या महिला बचत गटाचे हिशेब लिहिते. दरमहाची बचत, अंतर्गत कर्ज आणि व्याज यांची नोंद करून बँकेच्या पासबुकाशी ताळा घेते. हप्ता थकला तर सभासदाच्या घरी जाऊन बोलणे हेही माझ्याकडेच असते. टॅलीचा तीन महिन्यांचा वर्ग मी पूर्ण केला असून एका किराणा दुकानाचे वर्षभराचे खरेदी-विक्रीचे व्यवहार त्यात भरले आहेत. जीएसटीचे विवरणपत्र मी अद्याप स्वतंत्रपणे भरलेले नाही. ते शिकण्याची तयारी आहे.

‘आपण एखाद्या दिवसाची व्हाउचरे दिल्यास ती टॅलीत भरून दाखवीन. भेटीसाठी कोणत्याही कामाच्या दिवशी येऊ शकेन. आपली विश्वासू.’

पत्र एवढेच! यात कोठे कृपाभिलाषा नाही आणि उद्दामपणाही नाही. पहिल्या परिच्छेदात कोणती जागा आणि त्यांची गरज काय, दुसऱ्यात त्या गरजेला आपले उत्तर, तिसऱ्यात पुढचे पाऊल. ‘हे मला येत नाही’ असेही ती एका वाक्यात सांगून मोकळी होते. त्या एका कबुलीमुळे आधीच्या सगळ्या विधानांवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

हा विश्वासाचा मुद्दा आज पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे. हल्ली संगणकाला सांगितले की तो अर्धा मिनिटात गुळगुळीत, निर्दोष पत्र लिहून देतो. शुद्धलेखन तपासायला किंवा इंग्रजी सुधारायला त्याची मदत घेण्यात वावगे काही नाही. पण सगळे पत्रच त्याच्याकडून लिहून घेतले, तर दोनशे अर्जांत दोनशे सारखीच पत्रे होतात आणि आपण फिरून विशेषणांपाशी येतो. पासबुकाशी ताळा घेतल्याचे त्या यंत्राला ठाऊक नसते. ते त्याला आपणच सांगितले पाहिजे. आणि न केलेले काम त्याने भरीला घातले, तर मुलाखतीच्या खोलीत त्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. पुष्कळ कंपन्या नेमणुकीआधी दाखले आणि पूर्वीची नोकरी यांची पडताळणी करतात. तेव्हा मिळालेली नोकरीही जाते आणि नावही जाते.

एवढे सगळे केले म्हणजे नोकरी मिळेलच काय? प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या अभ्यासकांनी २००७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव तोलामोलाचे. फरक होता तो नावांत. काही नावे उच्चवर्णीय हिंदू वळणाची, काही दलित, काही मुस्लिम. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याचा संभव उच्चवर्णीय नावाच्या मानाने दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश पडला. अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुलाइनाथन यांनी २००४ साली असाच प्रयोग प्रसिद्ध केला. तेथे गोऱ्या वळणाच्या नावांना काळ्या वळणाच्या नावांपेक्षा सुमारे पन्नास टक्के अधिक बोलावणी आली. म्हणजे अर्ज कितीही चोख असला, तरी वाचणारा कधी कधी पहिल्या ओळीतल्या आडनावापाशीच थांबतो.

हा दोष अर्जदाराचा नव्हे आणि अर्ज सुधारून तो जाणारही नाही. उत्तर न आलेल्या मुलामुलींना हे स्पष्ट सांगण्याची गरज आहे, कारण आपल्यातच काही कमी आहे असे मानून ती मिटून जातात. त्यांनी अर्ज पुन्हा वाचावा, सुधारण्याजोगे असेल ते सुधारावे. पण प्रत्येक मौनाचा अर्थ आपली नालायकी असा लावू नये.

आणि म्हणून शेवटचे चार शब्द या मंडपातल्या दुसऱ्या बाजूच्या मंडळींसाठी. आपल्यापैकी कोणी दुकान चालवतात, कोणी कारखाना, कोणी शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहेत. आपल्या टेबलावर अर्जांचे गठ्ठे येतात. त्यांना माझी तीन मागणी आहेत. जाहिरातीत काम काय आणि पगार किती ते स्पष्ट लिहा, म्हणजे अर्जदाराला नेमके उत्तर देता येईल. पहिली चाळणी करताना एखाद्या कारकुनाकडून नाव आणि पत्ता झाकून घ्या आणि फक्त काम वाचा. याला पैसे पडत नाहीत. आणि ज्यांना घेणार नाही त्यांनाही एक ओळ कळवा. बचत गटाची वही लिहिणारी ती मुलगी पत्र पाठवून महिनाभर वाट पाहते. ‘या वेळी जमले नाही’ एवढे जरी तिला कळले, तरी दुसऱ्या दिवशी ती पुढचा अर्ज लिहायला बसू शकते.